ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर सांख्यिकी: उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर या चुका टाळा

बारावीच्या गणिताच्या पेपरवर ‘लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर नाही’ अशी सूचना असते. त्यामुळे ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यायचा तो घरी उत्तर पडताळायला आणि आलेख डोळ्यांनी बघायला. पण पडताळायला बसलं की हाताचं उत्तर एक, पुस्तकातलं दुसरं आणि स्क्रीनवर तिसरंच, असा घोळ होतो. यंत्र बेरजेत चुकत नाही. बहुतेक वेळा आपण त्याला वेगळाच प्रश्न विचारलेला असतो. खालची बटणं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरची आहेत, पण चुका सगळ्या मॉडेलवर सारख्याच होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ स्टँडर्ड डेव्हिएशनचा (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप). सोलापूरच्या मे महिन्यातल्या सात दिवसांचं कमाल तापमान ३९, ४०, ४१, ४२, ४३, ४४, ४५ अंश आहे असं धरा. स्टॅट बटण, मग एडिट, आकडे एल१ या यादीत भरा. पुन्हा स्टॅट, कॅल्क, वन-व्हार स्टॅट्स. सरासरी ४२ येते, पण स्टँडर्ड डेव्हिएशनच्या जागी दोन ओळी दिसतात: एस-एक्स २.१६ आणि सिग्मा-एक्स २. फरकांच्या वर्गांची बेरीज दोन्हीकडे २८च आहे. सिग्मा-एक्स तिला ७ ने भागतो, एस-एक्स ६ ने. आपल्या बोर्डाच्या पुस्तकात भागाकार एन ने (एकूण आकड्यांच्या संख्येने) असतो, म्हणून पुस्तकाशी ताळा घालताना सिग्मा-एक्स बघा. नमुन्यावरून सगळ्या समूहाचा अंदाज करायचा असेल तेव्हा एस-एक्स. एस-एक्सची ओळ आधी दिसते म्हणून तीच उतरवली जाते, इथेच गाडी घसरते. फोनवर डेस्मॉस हे आलेखाचं अॅप वापरत असाल तर तिथे ‘एसटीडीईव्ही’ म्हणजे एन वजा एकवालं आणि शेवटी ‘पी’ जोडलेलं म्हणजे एनवालं.

चतुर्थकांचंही (चढत्या यादीचे चार समान भाग करणारे आकडे) तसंच. वरच्या यादीत ४६ हा आठवा आकडा घाला. पुस्तकाच्या रीतीने पहिलं चतुर्थक (एन + १)/४ व्या जागी, म्हणजे २.२५ व्या जागी, म्हणून ४०.२५. कॅल्क्युलेटर मात्र खालच्या अर्ध्या भागाचा मध्यक काढतो आणि ४०.५ दाखवतो. तिसरं चतुर्थक पुस्तकाने ४४.७५, यंत्राने ४४.५. दोन्ही रीती मान्य आहेत. परीक्षेत पुस्तकाचीच लिहा आणि यंत्राचं उत्तर जवळपास आहे एवढंच बघा.

वारंवारता विसरली तर

चादरींच्या दुकानात रोज किती चादरी विकल्या याची नोंद धरा: २, ३, ४, ५ चादरी अनुक्रमे ३, ५, ८, ४ दिवस. एल१ मध्ये चादरी, एल२ मध्ये दिवस भरले आणि वन-व्हार स्टॅट्सला फक्त एल१ दिला, तर सरासरी ३.५ आणि एन ४. फ्रीक्वेन्सी लिस्टच्या जागी एल२ दिला की सरासरी ३.६५ आणि एन २०, हे बरोबर. म्हणून निकाल आला की सरासरीच्या आधी एनकडे बघा, निम्म्या चुका तिथेच सापडतात. उलटही होतं: आधीच्या गणितातला एल२ तसाच राहतो आणि नवी साधी यादी त्याने गुणली जाते. वर्गांतर १०–२०, २०–३० असं असेल तर एल१ मध्ये १५, २५ हे वर्गमध्य भरायचे, वर्गाची टोकं नाहीत.

यादी रिकामी करताना कर्सर वर एल१ या नावावर न्या, क्लिअर दाबा, मग एंटर. तिथे डेल दाबलंत तर स्तंभच गायब होतो. घाबरू नका, स्टॅट मेनूतलं पाचवं, सेट-अप-एडिटर, निवडून एंटर दाबा, तो परत येतो.

रिग्रेशन

रिग्रेशन म्हणजे आकड्यांना सगळ्यात जवळून जाणारी रेषा काढणं. तिथे आर (सहसंबंध गुणांक) दिसतच नसेल तर डायग्नोस्टिक्स बंद आहेत. नव्या मॉडेलवर मोडमध्ये स्टॅट डायग्नोस्टिक्स ऑन करा. जुन्यावर कॅटलॉगमधून डायग्नोस्टिक-ऑन. रीसेट केलं की हे पुन्हा बंद होतं.

लिन-रेग (सरळ रेषेचं रिग्रेशन) हे पर्याय दोन आहेत. एकात उतार ए असतो, दुसऱ्यात बी. स्क्रीनवरचं समीकरण न वाचता नुसता ए उचलला तर उताराच्या जागी आंतरछेद (इंटरसेप्ट) लिहिला जातो.

खरी मेख मात्र दोन रेषांची, आणि कॉमर्सवाल्यांना तीच जास्त नडते. एक्स १, २, ३, ४, ५ आणि वाय २, ४, ५, ४, ५ घ्या. वाय = २.२ + ०.६एक्स, म्हणजे बी-वाय-एक्स (वायच्या एक्सवरच्या रेषेचा उतार) ०.६. वाय ५ असताना एक्स किती, असं विचारलं की बरेच जण हेच समीकरण उलटं करून ४.६७ काढतात. ते चूक. एक्सची वायवरची रेषा वेगळी असते. लिन-रेगला याद्या उलट द्या, आधी एल२ मग एल१: एक्स = −१ + वाय, उत्तर ४. यंत्र मात्र पडद्यावर एक्स-वाय हीच अक्षरं दाखवतं, अदलाबदल आपणच लक्षात ठेवायची. ताळा सोपा आहे: दोन्ही गुणांकांचा गुणाकार आर-वर्ग, इथे ०.६ × १ = ०.६.

आलेख आणि एरर

आकडे भरले पण आलेख कोरा? झूम ९, झूम-स्टॅट. हिस्टोग्रामला मात्र झूम-स्टॅट वेडीवाकडी रुंदी देतं. विंडोमध्ये एक्स-मिन १० आणि एक्स-स्केल १० असं स्वतः टाका. सीमेवरचा आकडा उजव्या खांबात मोजला जातो, म्हणजे २० हा २०–३० मध्ये.

डिम मिसमॅच म्हणजे दोन याद्यांची लांबी वेगळी, एखादा आकडा राहिला. साध्या समीकरणाचा आलेख काढताना इनव्हॅलिड डिम आलं तर रिकाम्या यादीवर स्टॅट प्लॉट चालू आहे, प्लॉट्स-ऑफ करा. सिंटॅक्स एरर बहुतेकदा ऋण चिन्हाऐवजी वजाबाकीचं बटण दाबल्याने येतो. स्क्रीन काळी पडली असेल तर काँट्रास्ट बघा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात कॅल्क्युलेटर स्कूटरच्या डिकीत ठेवू नका.

संभाव्यता

सरासरी ६० गुण, स्टँडर्ड डेव्हिएशन ८, मग ७२ पेक्षा जास्त किती? नॉर्मल-सीडीएफला चार गोष्टी द्या: खालची मर्यादा ७२, वरची १ई९९ (म्हणजे जवळपास अनंत), सरासरी ६०, स्टँडर्ड डेव्हिएशन ८. उत्तर ०.०६६८. शेवटच्या दोन विसरलात तर यंत्र ० आणि १ धरतं आणि उत्तर शून्य येतं. पीडीएफ दाबलंत तर ०.०१६ येतं, ती वक्राची उंची आहे, संभाव्यता नव्हे.

बायनॉमियलमध्ये ‘किमान ३’ म्हणजे १ वजा बायनॉम-सीडीएफ, आणि आत २ टाकायचा. एन १०, पी ०.३ ला उत्तर ०.६१७. ३ टाकला तर ०.३५० येतं, तो ‘किमान ४’ चा आकडा झाला.

संभाव्यता ४.३ दिसली तर ओळीच्या टोकाला ई-५ आहे का बघा. तो आकडा ०.००००४३ असतो.