जुन्या गाडीला डिस्क ब्रेक बसवताय? या चुका टाळा

कोकणात पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा जुनी जीप जपणाऱ्यांच्या मनात पावसाळ्यात हा विचार हमखास येतो, की पुढच्या चाकांना डिस्क टाकून घ्याव्यात. विचार योग्य आहे. पाण्याखाली गेलेल्या मोरीवरून गाडी काढली की ब्रेकच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बंद डब्यात, पाणी शिरतं आणि पुढे बराच वेळ ब्रेक नीट लागत नाहीत. कुंभार्ली किंवा आंबोली उतरताना ड्रम तापतो, फुगून आतून त्याला दाबणाऱ्या शूपासून लांब जातो आणि पेडल हळूहळू खाली जायला लागतं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी; ती उघडी असते, पाणी झटकून टाकते आणि लवकर थंड होते.

पण फसलेली जी कामं माझ्या पाहण्यात आली, त्यांत डिस्क किंवा कॅलिपर (डिस्कला पॅडने दाबणारा भाग) खराब निघाल्याचं क्वचितच दिसलं. पुढचं बदललं, बाकी सगळं जुनंच ठेवलं, म्हणून काम फसलं. पेडल, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा), पाइप आणि मागचे ड्रम ही सगळी एकच यंत्रणा आहे, आणि ती मूळ कंपनीने चारही चाकांच्या ड्रमचा हिशेब करून बनवलेली असते.

त्यामुळे आधी आहेत ते ड्रम नीट करा. शू दाबणारा व्हील सिलिंडर जाम, शूचे लायनर तेलकट, शूचं अ‍ॅडजस्टमेंट वर्षानुवर्षं न केलेलं, अशा गाडीला डिस्क लावून काहीच साधत नाही. मागचे ड्रम तर पुढेही राहणारच आहेत.

मास्टर सिलिंडर तोच ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक. कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा खूप मोठा असतो, त्याला ऑइल जास्त लागतं. जुना लहान बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर तेवढं ऑइल ढकलू शकत नाही आणि पेडल फ्लोअरला टेकतं. मग कुणीतरी सुचवतो, मोठा सिलिंडर टाका. पाऊण इंचाऐवजी एक इंच बोअर घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होतं. पेडल वर येतं, पण त्याच पायाच्या जोरात दाब तितक्याच प्रमाणात कमी मिळतो, आणि पेडल दगडासारखं लागतं. ज्या गाडीचे कॅलिपर घेतले, तिच्याच मास्टर सिलिंडरचा बोअर आधी मोजा आणि सुरुवात तिथून करा.

दुसरं असं, की ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर खेचला जातो, त्यामुळे ब्रेकला आपोआप जोर मिळतो. डिस्कमध्ये ते होत नाही. म्हणून व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून त्याला व्हॅक्यूम मिळतो. डिझेल इंजिनाला तसा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पुरेसा व्हॅक्यूम तयारच होत नाही. आपल्याकडच्या कितीतरी जीपगाड्या आणि अ‍ॅम्बॅसेडर डिझेल आहेत. त्यांना व्हॅक्यूम पंप लावावा लागतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या मागे बसणारा. पंप नसलेला बूस्टर म्हणजे नुसता डबा.

घाटात इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरताच व्हॅक्यूम उरतो. डिस्क आल्या तरी उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरायचा.

सिंगल सर्किटचा सिलिंडर काढणारच असाल तर टँडम, म्हणजे दोन वेगळ्या सर्किटचा, घ्या. एक पाइप फुटला तरी निदान दोन चाकांना ब्रेक राहतो. या कामातली सगळ्यात मोलाची सुधारणा मी यालाच मानतो, डिस्कपेक्षाही.

ब्रेक आपोआप धरतो तेव्हा

नवीन काम झाल्यावर सर्वाधिक येणारी तक्रार हीच. गॅरेजमधून गाडी छान निघते, पाच-सहा किलोमीटरनंतर जड होते, चाकाजवळ जळका वास येतो, आणि थोडं थांबलं की पुन्हा मोकळी. इथे घाईघाईने कॅलिपर बदलू नका. सपाट जागा बघा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढची बाजू जॅक करून स्टँडवर ठेवा आणि ब्रेक धरलेला असतानाच एकेक गोष्ट तपासा.

आधी मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे नट थोडे सैल करा. चाक सुटलं तर बूस्टरची दांडी लांब आहे. ती पिस्टनला किंचित दाबून ठेवते, ऑइल टाकीत परतण्याचं बारीक छिद्र बंद राहतं, आणि तापून वाढलेल्या ऑइलला जागाच मिळत नाही. दांडी आणि पिस्टन यांच्यात एक मिलिमीटरच्या आसपास मोकळीक हवी. चाक सुटलं नाही तर नट पुन्हा आवळून सिलिंडरमधून निघणारा पाइप सैल करा. आता सुटलं तर दोष सिलिंडरमध्ये. ड्रमच्या जुन्या सिलिंडरमध्ये लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा तो दाब सहन करतात, पण कॅलिपरला तशी परतीची स्प्रिंग नसते, त्यामुळे पॅड घासत राहतात. तरीही सुटलं नाही तर कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर रबरी होज आतून सुजून बंद झालाय. निपल उघडूनही चाक अडलेलंच असेल, तर मात्र पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन जाम आहे.

जीपवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली चेसिसवर असतो, कॅलिपरपेक्षा खाली. तिथे डिस्कसाठीचा 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लावला नाही, तर ऑइल मागे उतरतं आणि पहिल्यांदा दाबलेलं पेडल वाया जातं.

एअर काढून काढून थकलात, पेडल स्पंजीच? निपल कुठे आहे ते बघा. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निपल खाली येतो आणि हवा वरच अडकते. अदलाबदल करा, दुसरा उपाय नाही.

मागची चाकं आधी लॉक होणं

पुढच्या डिस्कना लाइनमध्ये जास्त दाब लागतो. तोच दाब मागच्या ड्रमना गेला तर ते गरजेपेक्षा जोरात धरतात. त्यात उतारावर वजन पुढे सरकून मागची चाकं हलकी झालेली असतात. ओल्या, जांभ्याच्या लाल चिखलाने माखलेल्या वळणावर मागची चाकं लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते. मागच्या लाइनला, तिकडचा दाब कमी करणारा, अ‍ॅडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा. मागचा दाब सर्वांत कमी ठेवून सुरुवात करा, मोकळ्या मैदानात कमी वेगात ओल्यावर चाचणी घ्या, आणि पुढची चाकं आधी लॉक होतील इतपतच तो वाढवा.

पाइपच्या कामात एक फसवी गोष्ट आहे. ब्रिटिश घराण्यातल्या अ‍ॅम्बॅसेडरला इंची आटे, आधुनिक कॅलिपरला मेट्रिक. 3/8 इंचाचा नट 10 मिलिमीटरच्या भोकात जातो, आवळलाही जातो आणि जोरात ब्रेक दाबला की निसटतो. पाना मारण्याआधी थ्रेड गेजने तपासा. पाइपाच्या टोकाला डबल फ्लेअरच (दुहेरी दुमडलेली कड) करा. नुसतं तांबं वापरू नका, कंपनाने कडक होऊन तडकतं. खाऱ्या हवेत तांबं-निकेलचा पाइप सर्वांत जास्त टिकतो.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 ऑइल ताजं असताना 230 अंशांच्या वर उकळतं, ओलावा शोषल्यावर ती किमान मर्यादा 155 वर येते. आपल्या दमट हवेत ते दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदलावं, असं माझं ठाम मत आहे. रबरी सील पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलने कधीही धुऊ नका. ते फुगतात.

रिम कॅलिपरला घासतं का, हे बघायला कॅलिपरवर कणकेचे छोटे गोळे चिकटवा आणि चाक लावून हाताने फिरवा. कणीक तीन-चार मिलिमीटरहून पातळ दबली तर रिम किंवा कॅलिपर बदला. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज ताणला जात नाही ना, हेही बघा.

मागेही डिस्क लावायचा मोह आवरा. त्यात हँडब्रेक हमखास कमकुवत होतो. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीबोटीच्या उतारावर रांगेत उभं राहायचं तर तोच कामाला येतो. शिवाय नव्या ब्रेकने थेट घाटात उतरू नका. रिकाम्या सपाट रस्त्यावर 50 वरून 15 पर्यंत वेग आणा, असं आठ-दहा वेळा करा, मध्ये गार होऊ द्या, आणि गाडी पूर्ण थांबवून पेडल धरून ठेवू नका.

काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बदलांबाबत आहे, आणि 2021च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी लागते. म्हणून मूळ हब कापू नका, स्टबवर (चाकाच्या आसावर) वेल्डिंग करू नका. ब्रॅकेट बोल्टनेच बसवा, 8.8 किंवा 10.9 ग्रेडच्या. काढलेले ड्रम, शू आणि बॅकप्लेट तेल लावून, गुंडाळून, माळ्यावर कोरड्या जागी ठेवा.