शनिवारची कार्यशाळा: एपिस्कोपल मंडळीच्या सेवेला आणि सहवासाला उजाळा कसा द्यावा

पुण्या-नाशिककडच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांत वाढलेले आमच्यासारखे काही जण अमेरिकेत आले की एपिस्कोपल चर्चच्या दाराशी येऊन थांबतात. ते साहजिकच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा आपल्याकडच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, मंडळ्या त्यात सामील झाल्या. एपिस्कोपल चर्च हे त्याच अँग्लिकन घराण्याचं अमेरिकेतलं घर. उपासनेचा क्रम ओळखीचा वाटतो, प्रभुभोजनाला हात आपोआप पुढे होतात. मग दोन-चार वर्षांत कुणीतरी वेस्ट्रीच्या निवडणुकीला उभं राहायला सांगतं. वेस्ट्री म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती, आपल्याकडची पास्टरेट कमिटी असं धरून चाला. आणि एखाद्या बैठकीत ठरतं, "मंडळीत मरगळ आलीय, एक कार्यशाळा घेऊ या." ती जबाबदारी अंगावर आलेल्या माणसासाठी हे लिहिते आहे. चर्चशी फारसा संबंध नसलेल्यालाही यातलं बरंच काही सोसायटीत किंवा मंडळात वापरता येईल.

मी हातभार लावलेली पहिली कार्यशाळा वाया गेली. संध्याकाळपर्यंत भिंतीवर साठ-सत्तर कल्पना चिकटवल्या होत्या. त्या कागदांची गुंडाळी कपाटात गेली आणि तिथेच राहिली. आमचा प्रश्नच चुकला होता. "नवी माणसं कशी आणायची?" असं आम्ही विचारत होतो. त्यामागे भीती होती, आणि ती समजण्यासारखी आहे: १९६० च्या दशकात एपिस्कोपल चर्चचे सभासद ३४ लाखांच्या वर होते, आज ते १६ लाखांच्याही खाली आहेत. पण घाबरलेली मंडळी पाहुण्याकडे पाहुणा म्हणून पाहत नाही, रिकाम्या बाकावरचा आकडा म्हणून पाहते, आणि पाहुण्याला ते कळतं.

विचारायचा प्रश्न एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात, शेवटी दिलेल्या प्रश्नोत्तरांमध्ये सापडतो. चर्चचे सेवक कोण, असं तिथे विचारलं आहे. उत्तरात आधी सामान्य सभासद येतात. बिशप, प्रीस्ट आणि डीकन त्यांच्यानंतर. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण सेवक आहे, तर या खोलीत बसलेल्या माणसांना देवाने काय काय दिलं आहे? दिवसभर एवढंच शोधायचं.

आधी रेक्टरशी बोला, मग तारीख ठरवा

काही गोष्टी आधीच स्पष्ट झाल्या नाहीत तर दुपारी कुणाचं तरी मन दुखावतं. एपिस्कोपल चर्चच्या नियमांनुसार उपासना कशी व्हावी हे रेक्टरच्या, म्हणजे मंडळीच्या प्रमुख धर्मगुरूंच्या, अखत्यारीत येतं, आणि मालमत्ता व पैसा वेस्ट्रीच्या. लोकांनी उत्साहाने "दहाच्या उपासनेत गिटार आणू" असं ठरवलं आणि रेक्टरने सोमवारी नकार दिला, तर ती माणसं पुन्हा तोंड उघडणार नाहीत. म्हणून रेक्टर आणि दोन्ही वॉर्डन (वेस्ट्रीतले दोन प्रमुख) यांच्यासोबत बसून विचारा: या दिवशी लोक काय ठरवू शकतात, आणि कशाबद्दल फक्त सुचवू शकतात? उत्तर लिहून घ्या आणि कार्यशाळेच्या सुरुवातीला सर्वांना वाचून दाखवा.

रेक्टरला आणखी एक विनंती करा. त्या दिवशी त्यांनी इतरांसारखंच एका टेबलाशी बसावं. सूत्रसंचालन दुसऱ्याकडे असावं, शक्यतो बाहेरच्या माणसाकडे. बिशपच्या कार्यालयात विचारलं तर धर्मप्रांतातली अनुभवी व्यक्ती बहुधा मिळते. मंडळीत जुनं भांडण धुमसत असेल तर बाहेरचा माणूस हवाच, तिथे काटकसर करू नका.

तारखेच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: ईस्टर ते पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) या सात आठवड्यांतला एखादा शनिवार घ्यावा. शरद ऋतूत वर्षाच्या देणग्यांचे संकल्प चालू असतात, त्यामुळे लोकांना वाटतं की हे सगळं पैशांसाठीच आहे. जानेवारीत वार्षिक सभा असते आणि उन्हाळ्यात माणसं गावात नसतात. ईस्टरच्या दिवसांत रविवारच्या पहिल्या वाचनाला बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांमधले उतारे असतात. पहिली मंडळी कशी उभी राहिली ते आठवडाभर कानात घोळत असतं.

महिनाभर नुसतं ऐका

कार्यशाळेचं खरं काम त्या शनिवारच्या आधीच होतं. पाच-सहा जणांचा गट करा आणि प्रत्येकाने चार-पाच माणसांशी, शक्य तर त्यांच्या घरी जाऊन, अर्धा-पाऊण तास बोलावं. विचारायचं एवढंच: या चर्चमध्ये तुम्हांला सर्वांत जिवंत वाटलं तो प्रसंग कोणता? सोमवार ते शनिवार तुमचा जीव कशात रमतो? कोणत्या गोष्टीची चुटपुट लागून राहिली आहे? वाद घालू नका, चर्चची बाजू मांडू नका.

कुणाकडे जायचं ते मात्र विचारपूर्वक ठरवा. बऱ्याच एपिस्कोपल चर्चमध्ये सकाळी आठची शांत, संगीताशिवायची उपासना असते आणि दहाची गाण्या-वाजवण्याची. एकाच छपराखाली दोन मंडळ्या नांदतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांची नावंही त्यांना ठाऊक नसतात. आठवाल्यांना विसरू नका. वेदीची वस्त्रं आणि पात्रं सांभाळणाऱ्या बायका, साफसफाई करणारा माणूस, अन्नछत्रातून पिशवी घेऊन जाणारं कुटुंब, तळघरात जमणारा व्यसनमुक्तीचा गट, येणं सोडलेले दोन-तीन जण, या सगळ्यांकडे जा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या जडणघडणीवर न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी चर्चमधल्या सॅम्युअल शूमेकर या एपिस्कोपल धर्मगुरूंचा मोठा प्रभाव होता. तळघरातला तो गट परका नाही, हे वरच्यांना आठवण करून देण्यासारखं आहे.

खोली आणि खाणं

पॅरिश हॉलमध्ये सहा-सहा जणांची गोल टेबलं मांडा. नवरा-बायको आणि जिवलग मैत्रिणी वेगवेगळ्या टेबलांवर बसतील असं पाहा. माइक वापराच. "माझा आवाज पोचतो" असं म्हणणाऱ्याला दाद देऊ नका; ज्यांना ऐकू येत नाही ते तसं सांगत नाहीत, नुसते गप्प बसतात. लहान मुलांची सोय करा, आणि तिथे बालसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेले दोन प्रौढ असतील याची खात्री करून घ्या, म्हणजे तरुण आई-वडील येऊ शकतील.

जेवण विकत आणू नका, घरोघरून येऊ दे. आपल्या डब्यातला पदार्थ दुसऱ्याच्या ताटात वाढताना माणसं जशी बोलतात तशी एरवी बोलत नाहीत. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई, झालं. ते मिशनही अँग्लिकनांचंच. एका पेल्यात केवढी ताकद असते हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

सकाळ: एक तक्रार आणि सात माणसं

साडेनऊला छोटी प्रातःप्रार्थना करा आणि लगेच प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय, पहिल्या सात ओव्या घ्या. यरुशलेमच्या मंडळीत अन्न वाढण्यावरून कुरबुर सुरू झाली होती. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी ती दाबली नाही. सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्याकडून तक्रार आली, काम त्यांच्याच माणसांच्या हाती गेलं. त्यांतला स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला, आणि फिलिप्प शोमरोनापर्यंत सुवार्ता घेऊन गेला. मंडळीच्या नूतनीकरणावर याहून उपयोगी उतारा मला तरी माहीत नाही.

उतारा तीनदा वाचायचा. पहिल्या वाचनानंतर प्रत्येकाने मनात अडकलेला एक शब्द सांगायचा. दुसऱ्यानंतर, हे माझ्या आयुष्याला कुठे भिडतं ते. तिसऱ्यानंतर, देव मला काय करायला सांगतो आहे ते. शेवटी प्रत्येक जण आपल्या उजवीकडच्या माणसासाठी प्रार्थना करतो.

बोलण्याची पाळी कशी ठरवायची याची एक सुंदर रीत एरिक लॉ या एपिस्कोपल धर्मगुरूंनी घालून दिली आहे. ते मूळचे हाँगकाँगचे. पहिला माणूस बोलतो आणि मग टेबलावरच्या कुणाही एकाला नाव घेऊन बोलावतो. शेजारचाच असला पाहिजे असं नाही. ज्याला बोलावलं तो बोलेल, किंवा "आत्ता नको" म्हणेल. पण पुढच्याला बोलावण्याचा मान त्याचाच. मधे कुणी बोलायचं नाही. ही रीत का हवी? काही घरांत माणसं मनात आलं की बोलतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत मोठ्यांनी विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मोकळ्या चर्चेत पहिल्या प्रकारची माणसं दिवस व्यापून टाकतात आणि दुसऱ्यांचं मत नाहीच असा समज होतो. आमच्या टेबलावर भारतातून आलेल्या एक मावशी होत्या. कित्येक वर्षं त्या शेवटच्या बाकावर बसत. नावाने बोलावल्यावर त्या उभ्याच राहिल्या. आयुष्यभर नर्स म्हणून काम केलं होतं, मरणाऱ्या माणसाजवळ बसायला त्यांना भीती वाटत नव्हती. आजाऱ्यांना भेटायला कुणी नाही, असं आमची वेस्ट्री दोन वर्षं म्हणत होती.

भिंत

यानंतर एका भिंतीवर लांब तपकिरी कागद लावा आणि मंडळीच्या स्थापनेपासून आजपर्यंतची रेघ ओढा. लोक त्यावर आपापल्या आठवणी लिहितात. १९७६ मध्ये स्त्रियांना धर्मगुरू होण्याची वाट मोकळी झाली, १९७९ मध्ये प्रार्थनापुस्तक बदललं, २०२० मध्ये दारं बंद झाली. कुणासाठी यातलं एखादं वर्ष आनंदाचं असतं, तर त्याच वर्षी शेजारचा माणूस दुखावलेला असतो. दोन्ही लिहू द्या. गेलेल्यांची नावं येतील, डोळे भरतील. घाई करू नका, अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. पूर्वीचं दुःख मोकळं झाल्याशिवाय नव्या कामासाठी हात उठत नाहीत, हे मी तीनदा पाहिलं आहे.

मग प्रत्येकाला तीन रंगांच्या चिठ्ठ्या द्या: हाताने काय येतं, डोक्यात काय साठलं आहे, आणि मन कशासाठी तुटतं. जॉन मॅकनाइट आणि जॉन क्रेट्झमन यांनी वस्त्यांच्या विकासासाठी घातलेला हा पायंडा. वस्तीत काय नाही याची यादी न करता काय आहे त्याची करायची. एपिस्कोपल मंडळ्यांत ही रीत चांगली रुजली आहे. "मला काही येत नाही" म्हणणाऱ्याच्या चिठ्ठ्या शेजाऱ्याने लिहाव्यात. स्पॅनिश येतं, इन्कमटॅक्सचे फॉर्म भरता येतात, सायकल दुरुस्त करता येते, एकट्या म्हाताऱ्यांसाठी जीव तुटतो. सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावा आणि जेवायला जा. जेवताना लोक ताटं घेऊन भिंतीपाशी उभे राहतील, तेव्हा मधे बोलू नका.

दुपार

दुपारसाठी हॅरिसन ओवेन यांची मोकळ्या मैदानाची (‘ओपन स्पेस’) पद्धत वापरा. तेही मुळात एपिस्कोपल धर्मगुरू. वर्षभर राबून भरवलेल्या एका परिषदेत लोकांना कॉफीच्या सुट्ट्याच सर्वांत जास्त आवडल्या, हे पाहून त्यांनी सुट्टीसारखीच सभा रचली. ज्याला एखाद्या कामाची तळमळ आहे त्याने उभं राहून विषय सांगायचा, कागदावर लिहून एका कोपऱ्यात लावायचा आणि तिथे थांबायचं. बाकीचे आवडेल त्या कोपऱ्यात जातात, रमलं नाही तर उठून दुसरीकडे जातात. "कुणीतरी हे करायला हवं" असा विषय घ्यायचा नाही. सांगणाराच तो पहिल्यांदा खांद्यावर घेणार, नाहीतर कागद लागत नाही. हा नियम कितीही कडक वाटला तरी सोडू नका.

तीनच्या सुमारास सर्वांना एकत्र बोलवा आणि जास्तीत जास्त तीन कामं निवडा. प्रत्येक कामापुढे एक नाव, दोन आठवड्यांत होईल असं पहिलं पाऊल, आणि नव्वद दिवसांनंतरची तारीख लिहा. समिती नेमू नका. शिवाय थांबवायचं असं एक काम निवडा. दमलेल्या चार माणसांनी रेटलेला एखादा वार्षिक बाजार असेल, तर त्याला सन्मानाने निरोप द्या, ज्यांनी तो चालवला त्यांचे नाव घेऊन आभार माना.

पुढचे नव्वद दिवस

दुसऱ्याच दिवशी, रविवारच्या उपासनेत, त्या तीन माणसांना पुढे बोलावून मंडळीने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. वेस्ट्रीच्या प्रत्येक बैठकीत सुरुवातीची पंधरा मिनिटं त्यांना द्या. अर्थसंकल्पानंतर दिली तर सगळे पेंगुळलेले असतात. त्यांना विचारायचं, "अडलंय कुठे?" हिशेब मागायचा नाही. अडलं असेल तर भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे जायचं: कुणाला स्पॅनिश येतं, कुणाकडे गाडी आहे. म्हणून त्या चिठ्ठ्या काढून फाइलीत घालू नका. कॉफीच्या टेबलामागच्या भिंतीवर राहू द्या, आणि नव्याने येणाऱ्यासाठी शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या व पेन ठेवा.

नव्वदाव्या दिवशी पुन्हा जमा, या वेळी दोनच तास. एखादं काम फसलेलं असेल. ते ज्याने हाती घेतलं होतं त्याला सर्वांत आधी बोलायला बोलवा, आणि पुढच्या माणसाचं नाव त्यालाच घेऊ द्या.