खुदिराम बोस यांच्यावर जिवंत देखावा करायचाय? ११ मिनिटांत काय आणि कसं बसवायचं

गणेशोत्सवात पेठेतल्या रस्त्यावर, छत्री सावरत, मागून ढकलाढकली सोसत उभा राहिलेला माणूस देखावा साधारण ११ मिनिटं बघतो. त्यापुढे मागची रांग हलायला लागते. बॉम्ब टाकल्याबद्दल फाशी गेलेले बंगाली क्रांतिकारक खुदिराम १८ वर्षं ८ महिने ८ दिवस जगले, पण ते सगळं मांडायला जाऊ नका. चार प्रसंग घ्या, बाकी निवेदनात टाका. आणि एक गोष्ट पहिल्या बैठकीतच ठरवा: त्या बॉम्बनं चुकून बग्गीत मेलेल्या दोन बायका लपवायच्या नाहीत. त्या लपवल्या की पुढचं काहीच खरं वाटत नाही.

पहिला प्रसंग तीन मुठी कण्यांचा. खुदिरामांचा जन्म ३ डिसेंबर १८८९ चा, मेदिनीपूरचा. आधीचे दोन मुलगे गेलेले, म्हणून हे तरी जगावं यासाठी आईनं बाळ थोरल्या मुलीला, अपरूपाला, तीन मुठी कण्यांच्या मोबदल्यात ‘विकलं’. कण्यांना बंगालीत खुद म्हणतात, त्यावरून खुदिराम. आपल्याकडे याच भीतीनं धोंडू, दगडू अशी नावं ठेवत, त्यामुळे पुण्यातल्या प्रेक्षकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. दीड मिनिट पुरतं. कण्या खऱ्याच घ्या. थर्माकोलचे दाणे पंख्याच्या वाऱ्यानं उडतात. मात्र ४० फुटांवरून पांढरा दाणा दिसत नाही. मागे काळा पडदा आणि बाजूनं एकच स्पॉट ठेवला तर मुठीतून पडणारी धार लखलखते. परातीत कण्या पडल्याचा आवाज ट्रॅकमध्ये वेगळा रेकॉर्ड करून घ्या. रात्रीत १२ प्रयोग होत असतील तर दोन किलो कण्या आणा आणि परातीखाली चादर अंथरा. सांडलेल्या कण्यांवर पुढच्या प्रसंगातल्या मुलाचा पाय हमखास घसरतो.

आईवडील लहानपणीच गेले, बहिणीनं वाढवलं, मेदिनीपुरात सत्येंद्रनाथ बोस यांच्यामुळे क्रांतिकारकांशी संबंध आला, हे सगळं चार वाक्यांत सांगून पुढे चला. किंग्जफर्डला मात्र पूर्ण वाक्य द्या. कलकत्त्याचा हा मॅजिस्ट्रेट. सुशील सेन या शाळकरी वयाच्या मुलाला त्यानं १५ फटक्यांची शिक्षा दिली होती. पुढे त्याची बदली मुझफ्फरपूरला झाली. फटक्यांचा उल्लेख गाळला तर दोन पोरं एवढ्या लांब त्याच्या मागावर का गेली, हे कळतच नाही. फलकावर ‘मुझफ्फरपूर, आजच्या बिहारमध्ये’ असं लिहा. तेव्हा ते बंगाल प्रांतात होतं.

दुसरा प्रसंग ३० एप्रिल १९०८ च्या रात्रीचा. खुदिराम आणि प्रफुल्ल चाकी युरोपियन क्लबबाहेर दबा धरून बसलेत. बग्गीसाठी प्लायवूडचा कापीव आकार आणि एक फिरतं चाक एवढं पुरे. घोडा दाखवू नका, टापा करवंट्यांवर वाजवून रेकॉर्ड करा. स्फोटाला फटाका, सुतळी बॉम्ब, दारू यातलं काहीही नको. मांडवाला कापड आहे, खाली वायरी आहेत आणि समोर लहान मुलं आहेत. एका सेकंदाचा पांढरा झोत, त्याच क्षणी ट्रॅकवर आवाज, लगेच पूर्ण अंधार. धूर यंत्रातून फक्त तीन सेकंद सोडा. पावसाळी हवेत तो ताडपत्रीखाली कोंडून राहतो, कलाकार खोकत राहतात आणि पुढचं दृश्य दिसत नाही.

अंधारानंतर स्पॉट मोडक्या बग्गीवर आणि खाली पडलेल्या बाईच्या टोपीवर. निवेदन साधं ठेवा: बग्गी किंग्जफर्डच्या बग्गीसारखी होती, आत तो नव्हता, बॅरिस्टर केनेडींची पत्नी आणि मुलगी होत्या, दोघींचा जीव गेला. इथे संगीत बंद. पाच सेकंदांची शांतता मोजून ठेवा. बग्गी आणि रात्र म्हटल्यावर पुणेकराला २२ जून १८९७ चा गणेशखिंडीचा रस्ता आणि चापेकर आठवणारच, त्यामुळे तारखेची पाटी या दृश्यात मोठी हवी.

तिसरा प्रसंग पायांचा. खुदिराम रात्रभर साधारण २५ मैल चालून वैनी स्टेशनवर पोचले आणि १ मेला पाणी मागताना पकडले गेले. धुळीनं भरलेले पाय आणि थकलेला चेहरा पाहून शिपायांना संशय आला होता. म्हणून मेकअप गुडघ्याखाली करा: आधी पाण्याचा हात, मग मुलतानी मातीत थोडी गेरू मिसळून. कोरडी माती दोन प्रयोगांत झडते. मंच जमिनीपासून चार फूट उंच असला तरच मागच्यांना पाय दिसतात. आज त्या स्टेशनचं नाव खुदिराम बोस पुसा आहे, ते निवेदनात घ्या. प्रफुल्लनी मोकामा स्टेशनवर पकडले जाण्याआधी स्वतःला गोळी घालून घेतली. त्याला अंधारातला एक आवाज आणि एक वाक्य पुरतं.

चौथा प्रसंग पुण्याचा, आणि त्याला तीन मिनिटं द्याच. बहुतेक मंडळं इथेच कमी पडतात, मुझफ्फरपुराहून थेट फाशीवर येतात. १२ मे १९०८ च्या ‘केसरी’त टिळकांचा ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख आला, ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. टिळकांनी बॉम्बची भलामण केली नव्हती. दडपशाहीमुळे ही वेळ आली असं बजावलं होतं. २४ जूनला त्यांना मुंबईत अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. ‘काळ’ साप्ताहिकाचे शिवरामपंत परांजपे यांनाही त्याच जुलैत १९ महिन्यांची शिक्षा झाली. खुदिरामांना १३ जूनला फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि ११ ऑगस्टला ती अमलात आली. अग्रलेखांच्या दोन्ही तारखा मंगळवारच्या, फाशीही मंगळवारचीच. मंचाच्या एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला कोठडी, आणि तारखा आलटून पालटून एकेका बाजूवर उजळत न्या. सेनापती बापटांचाही धागा आहे: पॅरिसमध्ये त्यांच्याबरोबर बॉम्बची विद्या शिकलेले हेमचंद्र कानूनगो यांनीच मुझफ्फरपूरचा बॉम्ब तयार केला होता. सेनापती बापट रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसाला हे ऐकून थांबावंसं वाटतं.

फाशी फक्त सावलीत. पांढऱ्या पडद्यामागे मुलगा ताठ उभा, दोर त्याच्या मागे दोन फुटांवर टांगलेला. सावलीत दोन्ही एकत्र दिसतात. गळ्यात फास घालायचा नाही, तालमीतसुद्धा नाही, सैल गाठ असली तरी नाही. असल्या तालमीत पोरांचे जीव गेले आहेत.

कपड्यांत हमखास चुका होतात. बंगाली धोतराच्या निऱ्या पुढे सोडलेल्या असतात, आपल्यासारखा दोन्हीकडून काचा नको. डोक्यावर टोपी, फेटा काही नाही. फाशीनंतर बंगालच्या विणकरांनी काठावर खुदिराम हे नाव विणलेली धोतरं काढली. शेवटी निवेदकाला तसं काठावर नाव रंगवलेलं धोतर नेसवा, पण खुदिरामांच्या पात्राला ते चुकूनही देऊ नका. घोषणा एकच, ‘वंदे मातरम्’. ‘इन्किलाब झिंदाबाद’, ‘जय हिंद’ आणि चरख्याचा तिरंगा हे सगळं नंतरचं.

ट्रॅक आधी रेकॉर्ड करा, मगच हालचाली बसवा. उलट केलं तर ओठ आणि आवाज शेवटपर्यंत जुळत नाहीत. मोबाइलवरून ट्रॅक वाजवत असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येतो. किमान १५ तालमी घ्या, त्यातल्या पाच तरी मांडवात, ओल्या फळ्यांवर. संहितेची एक प्रत पोलीस ठाण्यात आधीच देऊन ठेवा. आणि सावली विझल्यावर अंधार चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, लगेच रस्त्यावरचे दिवे लावा. अरुंद गल्लीत लोक अंधारातच निघायला लागतात आणि पुढच्या रांगेतली पोरं चेंगरतात.