१९५७ची नोमॅड पाहायला निघण्याआधी: इंजिन मूळचं आहे का, हे तपासण्याची तयारी

शेवरोले नोमॅड ही जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन. तिच्या विक्रीच्या जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीशी जुळतो, हे शब्द हमखास असतात. १९५७च्या गाडीबाबत मात्र ते सांभाळून घ्यायला हवेत. त्या वर्षी या गाड्यांच्या इंजिनावर गाडीचा नंबर ठोकत नसत. शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने हा शिरस्ता सरसकट लावला तो १९६८च्या मॉडेलपासून. म्हणजे अमुक इंजिन याच गाडीत बसून कारखान्यातून बाहेर पडलं, हे नुसत्या लोखंडावरून सिद्ध करता येत नाही. इंजिन योग्य जातीचं आणि योग्य तारखेचं आहे, एवढंच दाखवता येतं. म्हणून पहिलं काम फोनवर करा. विकणाऱ्याला शांतपणे विचारा, कोणता नंबर कशाशी जुळतो? आणि जुन्या मालकांची बिलं, सर्व्हिसच्या नोंदी, इंजिन उघडल्याचे कागद आहेत का, हेही विचारून ठेवा. या गाडीच्या बाबतीत ते कागद सोन्याच्या मोलाचे आहेत.

पिशवीत टॉर्च, दांडीचा छोटा आरसा, मऊ नायलॉनचा ब्रश, सुती फडकी, ब्रेक क्लीनरचा कॅन, खडू आणि हातमोजे घ्या. सँडपेपर आणि तारेचा ब्रश घरीच ठेवा, कारण का ते पुढे येईलच. इंजिन थंड असताना बघायचं आहे हे आधीच ठरवून घ्या, आणि साफ करायला हात लावण्याची परवानगीही आधीच मागा. एक गोष्ट मनात पक्की करून जा: डावी-उजवी बाजू नेहमी चालकाच्या सीटवर बसून धरायची, आणि या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. आपल्याकडच्या गाड्यांची सवय असलेल्यांचा गोंधळ इथेच होतो.

सुरुवात इंजिनापासून नको, दारापासून करा. चालकाच्या बाजूच्या बिजागरीच्या खांबावर गाडीच्या नंबराची पट्टी असते. नोमॅड बेल एअरच्या मालिकेतली, म्हणून तिचा नंबर आठ सिलिंडरच्या गाडीत ‘व्हीसी५७’ने सुरू होतो आणि सहा सिलिंडरच्या गाडीत नुसत्या ‘सी५७’ने. पुढचं अक्षर कारखान्याचं: एस म्हणजे सेंट लुइस, एल म्हणजे लॉस एंजेलिस, टी म्हणजे टॅरीटाउन. सुरुवातीचं व्ही नसेल आणि बॉनेटखाली व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन असेल, तर प्रश्न तिथेच मिटला. ते इंजिन मागाहून बसवलेलं आहे. व्ही असलं तरी इंजिन २६५ क्यूबिक इंच आकाराचं की २८३चं, हे त्यावरून कळत नाही. बॉनेटवरचं आणि मागच्या दारावरचं सोनेरी व्ही चिन्ह पुरावा म्हणून धरू नका, ते बाजारात विकत मिळतं.

आता बॉनेट उघडा. नंबर शोधण्याआधी नुसत्या नजरेने बरंच कळतं. १९५७ची ही इंजिनं पुढच्या बाजूच्या माउंटवर, म्हणजे आधारावर बसत, त्यामुळे ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, दोन्ही कुशींना बाजूच्या माउंटसाठी उठाव नसतात. ते १९५८ पासून आले. व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट पाहा. जुन्या हेडवर (ब्लॉकच्या डाव्या-उजव्या बाजूला वर बसणाऱ्या भागावर) वरचे आणि खालचे बोल्ट समोरासमोर येत नाहीत, १९६० पासूनच्या हेडवर ते येतात. हेडच्या पुढच्या तोंडाला बोल्टची भोकं दिसली तर ते हेड १९६९ किंवा नंतरचं. ऑइल भरायची उभी नळी इनटेकच्या, म्हणजे दोन हेडांमधल्या हवा-इंधन आत नेणाऱ्या भागाच्या, पुढच्या बाजूला हवी. नोमॅडमध्ये नंतरच्या काळातलं ३५० क्यूबिक इंचाचं इंजिन घालून वर केशरी रंग मारलेल्या गाड्या खूप आहेत, आणि त्या चालायला छानही असतात, पण मूळ म्हणून त्यांची किंमत देऊ नये.

मग आरसा काढा. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, डाव्या हेडच्या मागे, बेल हाउसिंग (क्लच-गिअरबॉक्सकडचं आवरण) जोडते त्या कडेवर ओतीव नंबर, म्हणजे ब्लॉक ओततानाच उमटलेला नंबर असतो. १९५७च्या २८३साठी तो ३७३१५४८, तर १९५६-५७च्या २६५साठी ३७२०९९१. त्याच कडेवर उजवीकडे ओतण्याची तारीख असते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १२ ७’ म्हणजे १२ मार्च १९५७. फक्त एकच आकडा असल्याने दशक ओतीव नंबरावरून ठरवायचं.

खरा वेळ द्यायचा तो पुढच्या पॅडला, म्हणजे नंबर ठोकायच्या जागेला. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकचा एक छोटा सपाट तुकडा बाहेर दिसतो. त्यावर एफ, म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, मग जुळणीचा (इंजिन जोडून तयार झाल्याचा) महिना आणि दिवस, शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारं एक किंवा दोन अक्षरं ठोकलेली असतात. क्लीनर मारून फडक्याने पुसा, अक्षरांवरून खडू फिरवा आणि टॉर्च अगदी आडवी धरा. मूळ पॅडवर क्रँकशाफ्टच्या दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग कापताना त्या उमटतात. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल, किंवा गोल रेघा असतील आणि अक्षरं मात्र कोरी करकरीत, तर ब्लॉक कधीतरी तासला गेला आहे आणि नंबर पुन्हा ठोकलेला असू शकतो. तासणं हा गुन्हा नाही, जुनं इंजिन बांधताना ते करावंच लागतं. पण त्यानंतर ठोकलेल्या नंबराला पुराव्याची किंमत राहत नाही. सँडपेपर घरी ठेवायचा तो याच रेघांसाठी.

शेवटी तारखा रांगेत लावा: आधी ओतणं, मग जुळणी, मग गाडी. गाडीचा महिना तिच्या अनुक्रमांकावरून आणि कारखान्यावरून, छापील तक्त्यांच्या मदतीने काढता येतो. इंजिनाची तारीख गाडीच्या नंतरची निघाली, तर बाकी सगळं जुळत असलं तरी ते इंजिन तिचं नाही. तारीख काही दिवस किंवा काही आठवडे आधीची, पॅडच्या रेघा शाबूत आणि मालकांच्या कागदांची साखळी अखंड, असं तिन्ही जमलं तर मूळ म्हणून पैसे मोजायला माझी हरकत नाही. कागद नसतील तर ‘योग्य तारखेचं इंजिन’ म्हणूनच भाव करा. पॅडचे आणि दोन्ही ओतीव खुणांचे जवळून फोटो काढा, आणि १९५५ ते १९५७ या तीन वर्षांतल्या शेवरोले ओळखणाऱ्या जाणकाराने ते पाहेपर्यंत टोकन देऊ नका.