वस्तीतले समाजमंदिर वाढवायचे असेल तर

समाजमंदिर अपुरे पडते अशी ओरड सुरू झाली की बहुतेक समित्यांची नजर आधी गच्चीकडे वळते; परंतु जागा खरोखर कमी आहे की वेळांची वाटणी चुकली आहे, हे कळल्याशिवाय वास्तुविशारदाला बोलावू नये. त्यासाठी दारापाशी एक नोंदवही ठेवावी आणि सलग महिनाभर दर तासाला आत किती माणसे आहेत, कशासाठी आली आहेत आणि जागा नाही म्हणून कोण परत गेले, हे लिहावे. शेवटचा रकाना भरायचा सर्वांना कंटाळा येतो, पण खरी गरज त्यातच सापडते. आमच्या वहीत सायंकाळी सहा ते आठ या वेळेत योगवर्ग, कॅरम आणि बचत गटाची सभा एकाच दालनात खेटून चाललेली दिसली. उलट दुपारी एक ते चार या खास पुणेरी वेळेत दाराला कुलूप असे आणि स्पर्धा परीक्षेची मुले बाहेर जिन्यावर, पुस्तके मांडीवर घेऊन बसत. दुसरी किल्ली आणि घडीचे लाकडी पार्टिशन एवढ्यावर आमची निम्मी अडचण मिटली. जे येतच नाहीत त्यांनाही विचारावे. घरकामाला जाणाऱ्या बायका रविवारी सकाळच्या सभेला येणार नाहीत, तेव्हा त्या घरी परततात त्या वेळी त्यांच्याकडे जावे.

एवढे करूनही खोली हवीच असेल, तर प्रथम कागद पाहावेत. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. वास्तू पुणे महानगरपालिकेची असल्यास समितीला परस्पर वीटही रचता येत नाही; करारनाम्याची मुदत व अटी वाचून क्षेत्रीय कार्यालयामार्फतच प्रस्ताव द्यावा लागतो. वास्तू नोंदणीकृत न्यासाची असेल आणि बांधकामासाठी कर्ज काढायचे असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यानंतर जुना पाया आणि खांब आणखी एक मजला पेलतील का, याचा लेखी अहवाल स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्यावा, आणि मगच बांधकाम परवानगीचा नकाशा करावा. गच्चीवर पत्र्याची शेड टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. ती परवानगीशिवाय टाकल्यास नोटीस ओढवते आणि मे महिन्यात तिच्याखाली कोणी बसतही नाही.

नवी खोली वर बांधली तरी ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र तळमजल्यावरच ठेवावे. आम्ही ते पहिल्या मजल्यावर नेले आणि महिन्याभरात तिथली रोजची पत्त्यांची बैठक पुन्हा पारावर गेली. उतरता मार्ग (रॅम्प) करताना एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण पाळावे. जोते पंचेचाळीस सेंटिमीटर उंच असेल तर उताराची लांबी सुमारे साडेपाच मीटर होते, म्हणून अंगणात तेवढी जागा उरते का हे नकाशावर नव्हे, टेप धरून पाहावे.

पैशासाठी पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची, पुण्यात २००६ पासून चालत आलेली पद्धत वापरावी. त्यात संपूर्ण मजला मागण्याऐवजी स्वच्छतागृह, विद्युतीकरण किंवा अभ्यासिकेचे फर्निचर असे लहान, स्वतंत्रपणे पूर्ण होणारे काम सुचवावे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी संस्थेची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब तयार हवेत.

बांधकाम दिवाळीनंतर काढून पावसाळ्यापूर्वी संपवावे, म्हणजे गणेशोत्सवात दालन मोकळे राहते आणि उघडा स्लॅब पावसात सापडत नाही. या काळात अभ्यासिका कुठे भरेल, हे मात्र पहिली कुदळ पडण्यापूर्वी ठरवून दारावर लिहावे, कारण आमच्याकडे परीक्षा तोंडावर असलेली काही मुले अभ्यासिका बंद होती त्या दोन महिन्यांत जी गेली, ती परतली नाहीत.