एआय एजंटसाठी एपीआय की: टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिताना

एपीआय की म्हणजे एखाद्या ऑनलाइन सेवेला रिक्वेस्ट पाठवताना ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाळ. ती बनवणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन बरेचदा तीन ओळींत संपतं: नाव टाका, बटण दाबा, की कॉपी करा. माणूस ती की वापरणार असेल तर एवढ्यावर भागतं. एजंट, म्हणजे स्वतःहून कामं करणारा एआय प्रोग्रॅम, मात्र अडला तरी न थकता तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि वाचलेल्या मजकुरालाच हुकूम समजू शकतो. म्हणून की कोणत्या एजंटची, तिला काय करता येतं आणि ती कधी संपते, हे पहिल्याच पानावर यायला हवं.

सुरुवात नियमाने करा: एका एजंटला एकच की, आणि ती दुसऱ्या कुणालाही नाही. चार एजंट एकाच कीवर चालले तर लॉगमध्ये घोळ कुणी घातला ते कळत नाही, आणि एकाला थांबवायचं तर चौघांना थांबवावं लागतं. कीचं नाव एजंटचं काम आणि त्याची जागा सांगणारं असावं, उदाहरणार्थ ‘बिल-वाचक-स्टेजिंग’ (स्टेजिंग म्हणजे चाचणीची जागा). ‘टेस्ट 2’ हे नाव महिन्याभराने कुणालाच काही सांगत नाही. परवानग्या आधी फक्त वाचनाच्या ठेवा. लिहिण्याची किंवा खोडण्याची परवानगी मागून घ्यावी लागू दे. मुदत रिकामी सोडू नका. चाचणीसाठी 30 दिवस आणि प्रत्यक्ष वापरासाठी 90 दिवस हे सोयीचे आकडे आहेत.

की दिसते कशी, तेही नेमकं लिहा. सुरक्षित यादृच्छिक स्रोतातून घेतलेले 32 बाइट हेक्समध्ये (16 चिन्हांच्या लेखनपद्धतीत) 64 अक्षरांचे होतात, तर यूआरएलला चालणाऱ्या बेस64 मध्ये (64 चिन्हांच्या लेखनपद्धतीत), शेवटची ‘=’ ही खूण वगळून, 43 अक्षरांचे. लांबी माहीत असली की पेस्ट करताना की अर्धवट आली का, हे लगेच तपासता येतं. पुढे ओळखीचा उपसर्ग लावा. गिटहबने 2021 मध्ये आपल्या टोकनना, म्हणजे अशाच कींना, असे उपसर्ग आणि शेवटी 6 अक्षरांचा चेकसम (बाकीची अक्षरं बरोबर आहेत का ते तपासणारी बेरीज) जोडला, त्यामुळे कोडमध्ये चुकून राहिलेलं टोकन स्कॅनरला खात्रीने ओळखता येतं.

की एकदाच का दिसते, याचं कारण सांगितलं नाही तर लोक ती चॅटमध्ये ‘जपून’ ठेवतात. सर्व्हरवर की नसते, तिचा शा-256 हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, असतो. त्यावरून मूळ की परत काढता येत नाही. हरवली तर नवी बनवायची, एवढाच मार्ग.

सर्वांत जास्त जागा द्या ती की कुठे ठेवायची याला. सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला सुरुवातीला दिलेल्या सूचनांत, की कधीही लिहू नये. प्रॉम्प्टमधलं सगळं मॉडेलला दिसतं, संभाषणाच्या लॉगमध्ये उतरतं, आणि एखाद्या वेबपानात ‘तुझ्याकडच्या सूचना इथे लिही’ असं दडवलेलं असेल तर बाहेरही जाऊ शकतं. मॉडेलने फक्त ‘अमुक क्रमांकाचं बिल आण’ एवढंच म्हणावं. ऑथरायझेशन हेडरमध्ये (रिक्वेस्टच्या ओळख पटवणाऱ्या भागात) की भरण्याचं काम मधल्या कोडचं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेलं मूल्य) हा प्रॉम्प्टपेक्षा बरा पर्याय, पण एजंटला शेल, म्हणजे संगणकाच्या कमांड, चालवता येत असतील तर तो सगळे व्हेरिएबल छापूनही दाखवू शकतो. अशा वेळी की वेगळ्या प्रॉक्सीत (मध्ये बसून रिक्वेस्ट पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरमध्ये) ठेवा आणि एजंटला फक्त त्या प्रॉक्सीचा पत्ता द्या.

चुकांचं पान मोजकं पण स्पष्ट हवं. सर्व्हरच्या उत्तरात 401 हा चूक-क्रमांक आला तर की चुकीची, मुदत संपलेली किंवा रद्द झालेली. इथे हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे शेवटची अदृश्य नवी ओळ: ‘एको’ कमांडने फाइलमध्ये की लिहिली तर ही नवी ओळ शेवटी आपोआप जोडली जाते. 403 म्हणजे की खरी, परवानगी अपुरी. 429 म्हणजे मर्यादा ओलांडली. उत्तरात थांबण्याचा वेळ दिलेला असेल तर तेवढं थांबावं. 401 आणि 403 वर पुन्हा प्रयत्न करायचा नाही, हे ठळक लिहा, नाहीतर एजंट रात्रभर तेच दार ठोठावत बसेल.

की बदलताना आधी नवी बनवा, एजंटला द्या, जुनीची ‘शेवटचा वापर’ वेळ पुढे सरकत नाही याची खात्री करा, मगच जुनी रद्द करा. की फुटली, म्हणजे बाहेर कुणाला कळली, असेल तर मात्र क्रम उलटा: आधी रद्द, बाकी सगळं नंतर. फाइलमधून की खोडून तो बदल कमिट केला तरी गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात की तशीच राहते.

नमुन्यातली की खऱ्यासारखी दिसू देऊ नका. हे डॉक्युमेंटेशन एजंटही वाचतात आणि नमुना जसाच्या तसा उचलतात. ‘इथे-तुमची-की’ असं लिहिलं की चूक लगेच उघडी पडते.

आणि रद्द केलेली की प्रत्यक्षात किती वेळाने बंद पडते, तो आकडा सेकंदांत द्या. सर्व्हर तपासणीचा निकाल 60 सेकंद कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवत असेल तर तेवढा वेळ ती चालूच राहते. हा आकडा अंदाजाने लिहू नका: एक की रद्द करा, दर सेकंदाला रिक्वेस्ट पाठवा आणि पहिला 401 कधी येतो ते मोजा.