घरचं नेट गेलं? पहिल्या दहा मिनिटांत या चुका टाळा

नेट जाणं आपल्या हातात नसतं. पण ते गेल्यावर घाईघाईत आपण जी खटपट करतो, तिच्यामुळे अर्ध्या तासाचा बिघाड दोन दिवसांवर जातो. हे मी स्वतःच्या घरात भोगलंय, म्हणून लिहितोय.

मुलीच्या प्रवेश अर्जाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाऊस झोडपत होता आणि नेट गेलं. मी राउटरच्या मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घातली आणि सगळे दिवे विझेपर्यंत दाबून धरली. ‘रीसेट केलं की सुरू होतं’ असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं डोक्यात होतं. थोड्या वेळाने बाहेरची लाइन जुळली, शेजारी नेट आलं, समोरच्या बिल्डिंगमध्ये आलं. आमच्याकडे नाही. कारण ते भोक राउटर बंद-चालू करण्यासाठी नसतंच. ते दाबून धरलं की बॉक्समधलं सगळं पुसलं जातं: वायफायचं नाव, त्याचा पासवर्ड आणि बऱ्याच जोडण्यांमध्ये कंपनीने दिलेलं लॉगिनचं युजरनेम-पासवर्डही. ते पुन्हा भरायला माणूस यावा लागतो, आणि पावसाळ्यात तो माणूस आधीच दहा घरांच्या रांगेत अडकलेला असतो. आमच्याकडे तो तिसऱ्या दिवशी आला. अर्ज मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून रात्री साडेअकराला भरला. ती संध्याकाळ मुलीने कशी काढली, ते मी विसरलेलो नाही.

रीस्टार्ट करायचा असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. मग पाच मिनिटं त्याला हात लावू नका. फायबरचा बॉक्स पलीकडच्या यंत्राशी पुन्हा जोडला जायला वेळ घेतो. लोक दर मिनिटाला बंद-चालू करत बसतात आणि त्याला उभंच राहू देत नाहीत.

दिवे न बघताच हात घालणं

सगळ्यात मोठी चूक ही. बिघाड कुठे आहे हे त्या बॉक्सवरचे दिवे बरंचसं सांगतात.

एकही दिवा नाही? मग लाइनचा प्रश्नच नाही, वीज किंवा अडॅप्टर. वीज जाऊन परत येताना जो झटका बसतो, त्यात अडॅप्टर बरेचदा जातो. नवा आणताना जुन्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून आणा. बहुतेक बॉक्स 12 व्होल्टवर चालतात. ड्रॉवरमधला पिन बसणारा कुठलाही अडॅप्टर लावून बघणं म्हणजे बॉक्सशी खेळ.

‘लॉस’ (बॉक्सवर LOS लिहिलेला) लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही. वायर तुटली आहे, दबली आहे किंवा निघाली आहे. इथे राउटरची कितीही सेटिंग्ज बदला, उपयोग शून्य. आधी शेजाऱ्यांना विचारा. एकाच फायबरचे फाटे काढून 32 किंवा 64 घरांना जोडण्या दिलेल्या असतात, त्यामुळे सगळ्यांचं एकदम गेलं असेल तर बिघाड रस्त्यावरचा आहे. फक्त तुमचंच गेलं असेल तर वायर घरात कुठून येते ते डोळ्यांनी बघत जा. सरकत्या खिडकीच्या फटीत चिमटलेली, सोफ्यामागे काटकोनात मुडपलेली, उंदराने कुरतडलेली वायर मी या एका वर्षात तीन घरांत पाहिली.

आणि ती वायर ओढून, पिळून बघू नका. तिच्यातला काचेचा तंतू जेमतेम 125 मायक्रॉनचा असतो, त्यातला प्रकाश वाहणारा गाभा तर फक्त 9 मायक्रॉन. तांब्याच्या वायरीसारखी सोलून, पीळ देऊन टेप लावली की जुळेल असं त्यात काही नाही. टोक काढलंच तर त्याला बोट लावू नका, बोटाचं तेलही प्रकाश अडवतं. त्या टोकात डोळा घालून तर कधीच बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लहान मुलांना हे जरूर सांगा.

दिवे सगळे नेहमीसारखे आणि तरी पानं उघडत नाहीत? मग प्लॅनची मुदत संपली आहे का ते आधी बघा.

गूगलवर कस्टमर केअर शोधणं

यासाठी मी हात जोडून विनंती करतो. नेट बंद पडलेला, कामाचा खोळंबा झालेला माणूस मोबाईलवर घाईने नंबर शोधतो आणि पहिला दिसेल तो लावतो. तो नंबर चोराचा असू शकतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘दहा रुपये भरून तक्रार नोंदवा’ म्हणत लिंक पाठवतो किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायला सांगतो. त्या ॲपमधून त्याला तुमचे ओटीपी दिसतात. खरा नंबर तुमच्या बिलावर, कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बॉक्सच्या स्टिकरवर असतो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितकी घाई, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तक्रार नोंदवल्यावर क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. गल्लीतल्या नेटवाल्या पोराला व्हॉट्सॲप करणं म्हणजे तक्रार नोंदवणं नव्हे. काम झालंच नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे तो क्रमांक लागतो. थेट ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, लिहून उपयोग नाही, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

हॉटस्पॉट लावून निर्धास्त होणं

हॉटस्पॉटला घरच्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड देऊ नका. टीव्ही, टॅब, दुसरे फोन आपोआप चिकटतात आणि दिवसाचा दीड जीबी दुपारच्या आत संपतो. लॅपटॉपवर त्या जोडणीला ‘मीटर्ड’ (डेटा मोजून वापरायची) करून ठेवा, म्हणजे विंडोजचे मोठे अपडेट सहसा थांबतात. मीटिंगमध्ये व्हिडिओ बंद ठेवा.

घरात वयस्कर माणसं असतील तर एक गोष्ट तपासाच. मोबाईलची रेंज कमी असलेल्या घरांत फोन वायफायवरून लागत असतात, आणि फायबरवरचा लँडलाइनही नेटबरोबर बंद पडतो. माझ्या आईच्या खोलीत असंच होतं. आम्हाला ते कळलं ते नेट गेलेल्या दिवशी, ती मला फोन लावत होती आणि लागत नव्हता. आता तिला माहीत आहे की गॅलरीत गेलं की रेंज येते. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएसही लावलाय.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: ग्राहक क्रमांक, बिलावरचा नंबर, लॉगिनचं युजरनेम, डॉक्टरांचा आणि वॉचमनचा नंबर. शेजारी बॉक्सचा फोटो आहे, सगळे दिवे नीट असतानाचा.